नस जिवंत आहे का: कोल्ड टेस्ट पुरते की ईपीटी हवंच?

बत्तीशी
परवा तालुक्यातल्या आम्हा दंतवैद्यांच्या बैठकीनंतर चहावर जुंपली. एक नवा मित्र म्हणाला, "अजून ईपीटी घेतलं नाहीत? मग नस मेली की जिवंत, हे ठरवता कसं?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ईपीटी म्हणजे दाताला हळूहळू वाढता करंट देऊन झिणझिणी कोणत्या आकड्याला जाणवली ते दाखवणारं यंत्र. माझं मत असं की रोजच्या प्रॅक्टिसला कोल्ड टेस्ट, म्हणजे दाताला गारवा लावून बघणं, पुरते. स्प्रे असतो, तो संपला तर भुलीच्या सुईच्या टोपणात पाणी गोठवून केलेल्या बर्फाच्या कांड्या. आधी शेजारचा चांगला दात, मग दुखरा. कळ आली आणि लगेच गेली, तर ठीक. बराच वेळ रेंगाळली, तर पल्पची (दाताच्या आतला नसा-रक्तवाहिन्यांचा गाभा) सूज आता परतायची नाही. काहीच जाणवलं नाही आणि एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळं दिसतंय, तर रूट कॅनाल. ईपीटीचा आकडा यातलं काय सांगतो? एका दाताला ३५ आणि दुसऱ्याला ७० आला, म्हणून पहिल्याचा पल्प दुप्पट निरोगी होत नाही. आकडा दिसला की पेशंट उपचाराला पटकन तयार होतो, एवढाच त्याचा उपयोग. बोचरं आहे, पण मी पाहिलंय.

मुळापाशी
बर्फाच्या कांड्या वाचून कॉलेजचे दिवस आठवले. पण एक सांगा, बर्फ वितळून पाणी हिरडीवर आणि शेजारच्या दातावर ओघळतं, तेव्हा "हो" कोण म्हणतंय? तुमचा दात की शेजारी? बर्फ ० अंशाचा, टेट्राफ्लुओरोइथेनचा स्प्रे उणे २६ च्या आसपास, ड्राय आइस उणे ७८. या तिन्हींना एकच "कोल्ड टेस्ट" म्हणणं मला पटत नाही.

दुसरं, सत्तरीचे आजोबा घ्या. वयानुसार आतून डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) साचत जातं, पल्पची जागा आक्रसते. गारवा आतपर्यंत पोहोचेपर्यंत स्प्रे मारलेला कापसाचा बोळा कोमट होतो. तिथे बऱ्याचदा ईपीटीच उत्तर देतं. आकड्यावरून पल्पची तब्येत कळत नाही, हे मान्य. मी फक्त "जाणवलं की नाही" एवढंच बघतो. दोन्ही टेस्ट करतो, दोन्हींचं एकमत झालं की निर्धास्त.

बत्तीशी
आणि एकमत चुकीचं असेल तर? दाढेच्या एका मुळातली नस मेलेली, दुसऱ्यातली जिवंत. यंत्र म्हणतं "जिवंत". आत नासलेलं पाणी साचलं असेल, तर करंट त्यातून मुळाबाहेर जातो आणि पेशंट हात वर करतो. शेजारच्या दातांत भरलेल्या चांदी एकमेकींना टेकल्या असतील, तरी तोच घोळ. धातूच्या कॅपवर तर यंत्र ठेवायचीही सोय नाही.

मुळापाशी
दाढेच्या बाबतीत तुमचा स्प्रेही तीच चूक करतो. बाकीच्यासाठी दात नीट कोरडा करायचा आणि दोन दातांच्या फटीत प्लॅस्टिकची पट्टी सरकवायची. आणि घाबरलेल्या पेशंटसाठी माझी युक्ती: स्प्रे न मारलेला कोरडा बोळा आधी लावून बघा. त्यालाही "आई गं" आलं, तर पुढचं कुठलंच उत्तर खरं धरायचं नाही.

जुनी कवळी
आमच्या वेळी डॉक्टर भूल न देता सरळ ड्रिल लावायचे. ओरडलो की नस जिवंत. शंभर टक्के खात्रीची टेस्ट!

चिंगीची आई
मी डॉक्टर नाही, पण "दोन्हींचं एकमत" वाचून पोटात गोळा आला. मुलगी साडेआठ वर्षांची, दोन आठवड्यांपूर्वी सायकलवरून पडली. वरचा समोरचा दात जागचा हलला नाही, पण थोडा डुगडुगत होता, हिरडीतून रक्त आलं. डॉक्टरांनी स्प्रे लावला, मग ते करंटचं यंत्र. तिला काहीच जाणवलं नाही. म्हणाले, नस मेली, पुढच्या आठवड्यात रूट कॅनाल करू. मग हे खात्रीचं समजू का?

दुधाचे दात
ताई, थांबा. मी लहान मुलांचे दात बघते आणि वरचा सगळा वाद मला चुकीच्या रुळावर गेलेला वाटतो. बर्फ, स्प्रे, करंट, सगळे मज्जातंतूला विचारतात, "जाणवलं का?" पल्प जिवंत राहतो रक्तावर. तंतू बधिर आणि रक्त सुरळीत, असं होऊ शकतं. वरच्या जबड्याचं हाड कापून पुढे-मागे करायची शस्त्रक्रिया झालेल्यांना विचारा. महिनोन्‌महिने दातांना काही जाणवत नाही, म्हणून कोणी सगळ्या दातांचं रूट कॅनाल करत नाही. मार लागलेल्या दाताचंही तेच, प्रतिसाद परतायला तीन महिने किंवा जास्तही लागतात. शिवाय साडेआठव्या वर्षी त्या दाताचं मूळ अजून पूर्ण झालेलं नसतं, आणि करंटला दाद देणारे तंतूही पुरते जुळलेले नसतात. न पडलेल्या मुलांमध्येही ईपीटी अशा दाताला "मेलेला" ठरवतं.

दंत-इजांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की प्रतिसाद नाही, एवढ्यावरून मार लागलेल्या दाताचा पल्प मेला असं ठरवायचं नाही. सोबत दुसरं लक्षण हवं. तुम्ही वर्णन केलंत तशा इजेला २ आठवडे, १२ आठवडे, ६ महिने आणि १ वर्ष अशी तपासणी असते. घाईनं पल्प काढला तर मुळाची वाढ तिथेच थांबते, भिंती पातळ राहतात आणि दात पुढे कधीतरी हिरडीपाशी मोडतो.

रक्तच मोजायचं तर पल्स ऑक्सिमीटर आहे. तत्त्व बोटाच्या क्लिपचंच, ६६० आणि ९४० नॅनोमीटरचा प्रकाश आरपार सोडायचा. पण ती क्लिप दातावर बसत नाही. दोन्ही बाजूंनी समांतर धरणारा खास प्रोब लागतो, आकडा बोटापेक्षा कमी येतो, आणि कॅप असेल तर प्रकाशच आत जात नाही. लेझर डॉप्लर हे रक्तप्रवाह मोजणारं दुसरं यंत्र, पण ते हिरडीचं रक्तही मोजून बसतं. म्हणजे योग्य प्रश्न विचारणारं यंत्र आहे, पण साध्या दवाखान्यात ते मिळत नाही.

बत्तीशी
म्हणजे शेवटी वाटच बघायची! पण मेलेला पल्प आत राहिला तर जंतूंमुळे मूळ बाहेरून झिजायला लागतं, आणि लहान मुलांत ते फार झपाट्यानं होतं. १२ आठवड्यांनी एक्स-रे काढावा तर मूळ अर्धं गायब.

दुधाचे दात
ही भीती खरी आहे, म्हणूनच तारखा चुकवायच्या नाहीत. मध्येच हिरडीवर पुळी आली, दात ठणकला किंवा जास्त हलायला लागला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जायचं. ताई, तुमच्या डॉक्टरांनी आधी दुसरा एखादा चांगला दात तपासला होता का? बत्तीशी यांनी वर तेच सांगितलंय, आधी चांगला दात.

चिंगीची आई
आत्ता कागद काढून बघितला. दुसऱ्या बाजूचा नुकताच आलेला दात तपासला होता, त्याला काहीच लागलं नव्हतं. त्याच्यापुढेही "प्रतिसाद नाही" असंच लिहिलंय.

मुळापाशी
मग ती टेस्ट झालीच नाही असं समजा. पुढच्या आठवड्यातली अपॉइंटमेंट रूट कॅनालसाठी नको, तपासणी आणि एक्स-रेसाठी ठेवा. आणि हो, "निर्धास्त" हा माझा शब्द मागे घेतो.