रॉथ्कोचा टिकाऊ प्रिंट हवाय, 'आर्कायव्हल' म्हणजे नक्की काय बघायचं?

निळाई:
मंडळी, मदत हवी आहे. अमेरिकन अमूर्त चित्रकार मार्क रॉथ्कोचं 'नंबर ६१ (रस्ट अँड ब्लू)', १९५३ चं, माझं फार लाडकं चित्र. त्याचं पोस्टर सहा वर्षं भिंतीवर होतं. परवा फ्रेम उघडली तर माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) कडेखाली झाकलेली बोटभर पट्टी अगदी तांबूस, दाट, आणि बाकी सगळं फिकट निळसर. रोज बघत होते म्हणून कळलंच नाही, पण ती पट्टी बघून खरंच पोटात कालवलं. आता एकदाच खर्च करायचा पण नीट करायचा. सगळे विकणारे 'आर्कायव्हल' (म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारं), 'म्युझियम क्वालिटी', 'जिक्ले' असंच लिहितात, मग फरक कसा ओळखायचा? आणि कॅनव्हासवर घेऊ की कागदावर?

शाईवाला:
ताई, प्रिंटिंगचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं पोस्टर साध्या चार रंगांच्या ऑफसेट छपाईचं असणार, त्यात उन्हाने आधी पिवळा आणि मजेंटा (गुलाबीसर लाल) उडतो, निळा मागे राहतो, म्हणून सगळं निळसर दिसतंय. 'जिक्ले' या शब्दावर जाऊ नका, तो १९९१ मध्ये जॅक डुगान यांनी इंकजेट प्रिंटला दिलेलं नाव आहे, त्यातून शाई कुठली नि कागद कुठला हे काहीच कळत नाही. सरळ विचारा, शाई पिगमेंटची आहे की डायची? डाय म्हणजे विरघळलेला रंग, तो उजेडात लवकर मरतो, पिगमेंटचे बारीक कण असतात ते खूप जास्त टिकतात. मग कागदाचं नाव विचारा, नुसतं 'जाड कागद' हे उत्तर चालवून घेऊ नका. शंभर टक्के कॉटन, ॲसिड-फ्री, ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) आसपास, आणि मुख्य म्हणजे ऑप्टिकल ब्रायटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ते रसायन) नसलेला. ब्रायटनरवाला कागद आज पांढराशुभ्र दिसतो पण ब्रायटनर थकला की पिवळसर पडतो. नमुना मागवा आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारा, निळा लख्ख चमकला तर ब्रायटनर आहे.

फाईलचंही विचारा. ६० बाय ७५ सेंमीचा प्रिंट ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) काढायचा तर साधारण ७,००० बाय ९,००० पिक्सेल लागतात. रॉथ्को १९७० ला गेले, कॉपीराइट अजून चालू आहे, तेव्हा परवान्याने छापलेलाच घ्या. नेटवरून उचललेल्या छोट्या फाईली ताणून छापणारे बरेच आहेत, त्यात रंगांच्या कडांना पायऱ्या दिसतात.

हिरवाकंच:
शाईवाल्यांना +१. फक्त एक, कागद चित्रानुसार ठरवा, सगळ्यांना एकच चालत नाही. रॉथ्को पातळ थरांवर थर चढवायचे, त्यामुळे उजेड आतून आल्यासारखा वाटतो, वर चकचकीत वार्निश आलं की ते गेलंच. म्हणून तुम्हाला मॅट कॉटन कागद, वार्निश केलेला कॅनव्हास नको. जाड काळ्या पट्ट्यांची चित्रं काढणाऱ्या फ्रान्झ क्लाइनचं असतं तर मी उलट सांगितलं असतं, त्यांचा काळा मॅट कागदावर राखाडीकडे झुकतो, तिथे बरायटा (किंचित चमक असलेला, फोटोसारखा) कागद बरा. आणि क्लाइनचा पांढरा म्हणजे रिकामा कॅनव्हास नव्हे हो! तो काळ्यावरून परत रंगवलेला असतो, त्यात ब्रशचे फटकारे असतात, स्वस्त प्रिंटमध्ये तो सपाट कोरा दिसतो आणि मग लोकांना वाटतं काळे पट्टे ओढलेत नुसते. प्रिंट पारखायचा तर आधी पांढरा बघा. चित्रकार जॅक्सन पोलॉकच्या 'लॅव्हेंडर मिस्ट'मध्ये ॲल्युमिनियम पेंट आहे, त्याची चमक छापता येतच नाही, करडं येतं, तो प्रिंट मी घेणार नाही.

रंग उडण्यावरून आठवलं, रॉथ्कोंची हार्वर्डमधली मूळ म्युरल्ससुद्धा (भिंतीसाठी कॅनव्हासवर केलेली मोठी चित्रं) उन्हाने फिकी पडली, त्यांनी लिथॉल रेड नावाचा लाल रंग वापरला होता जो उजेडाला टिकत नाही. १९७९ पर्यंत ती काढून ठेवावी लागली. २०१४ मध्ये हार्वर्डने ती परत मांडली तेव्हा हरवलेला रंग प्रोजेक्टरच्या उजेडाने वरून भरला होता, कॅनव्हासला हातही न लावता.

तुमचं 'नंबर ६१' मूळ चित्र जवळजवळ तीन मीटर उंच आहे, म्हणून जमेल तेवढा मोठा घ्या.

चौकोनी:
फ्रेमिंगला कंजूषी नको, चांगले प्रिंट तिथेच मरतात. यूव्ही अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक, आणि ती प्रिंटला टेकता कामा नये, मध्ये माउंट किंवा स्पेसर (अंतर ठेवणारी पट्टी) हवाच. मागे ॲसिड-फ्री बोर्ड. प्रिंट पूर्ण चिकटवू देऊ नका, वरच्या बाजूला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. सेलोटेप बिलकुल नाही. आणि थेट ऊन येणारी भिंत यूव्ही काच असली तरी टाळा.

निळाई:
खूप आभार सगळ्यांचे! दोन ठिकाणांहून नमुन्याच्या पट्ट्या मागवल्या, मुद्दाम तांबूस आणि निळा भेटतात तिथल्या कडेच्याच. कॅनव्हासवर ती कड विणीमुळे मच्छरदाणीतून बघितल्यासारखी दिसते. मॅट कॉटनवर मात्र तांबूस हळूहळू निळ्यात विरतो, नेमका कुठे संपला ते बोट ठेवून सांगता येत नाही. टॉर्चही मारला, कॉटनवाला गप्प राहिला, दुसरा एकदम निळा पेटला. कॉटनवालाच सांगितला आहे, ८० बाय १०० सेंमी. भिंतही बदलतेय, खिडकीसमोरची सोडून बाजूची. फ्रेमवाल्याला जपानी कागदाचं सांगितलं तर तो म्हणाला डबल टेप लावतो, तेव्हा आता दुसरा फ्रेमवाला शोधतेय.