१३२ कार्डांची न कापलेली शीट सापडलीये, कापू का?

सुदामानगरचा_पक्या:
लोकहो सल्ला हवाय. काका अमेरिकेतनं परत आले तेव्हा नळकांड्यात गुंडाळून एक भलामोठा कागद आणला होता, ते गेल्यावर आता माळा आवरताना सापडला. टॉप्स या अमेरिकन कंपनीची १९८३ ची बेसबॉल खेळाडूंची जमवायची कार्डं, छापलीत पण कापलीच नाहीत, १३२ एकाच शीटवर, खाली कोपऱ्यात गोलात खेळाडूचा चेहरा असतो ना तीच. टोनी ग्विन या नामांकित खेळाडूचं रूकी कार्ड, म्हणजे त्याचं पहिलंवहिलं कार्डपण आहे. एका कोपऱ्याला वाळवीने चारपाच कार्डं खाल्लीत, बाकी ठणठणीत. मित्र म्हणतो सुटी करून वीक, जास्त मिळतील. आई म्हणते रद्दीत घाल, म्हणून जरा घाई आहे.

प्रेसवाला_रामबाग:
भिया थांब, कात्री लावू नको. रोज पत्रिका नि व्हिजिटिंग कार्डं कापतो म्हणून सांगतो. या कार्डांच्या मधे जागाच सोडलेली नसते, एकाची पांढरी बॉर्डर संपली की दुसऱ्याची सुरू, म्हणजे कट एकच आणि अर्धा मिलिमीटर सरकला की अख्खी रांग वाकडी. त्यात इतकी वर्षं गुंडाळलेला कागद ब्लेडखाली सपाट बसत नाही, आणि एवढी शीट लांबीत कापायला आमचं ३२ इंची मशीन पुरणार पण नाही.

ग्वाल्हेरचा_जमवाजमव्या:
हिशोब कर ना. ८३ चा सेट ७९२ कार्डांचा, म्हणजे अशा सहा शीट. पाकिटांतून सुटी कार्डं ढिगाने निघाली, ग्विनसारखी दोनचार नावं सोडली तर बाकीच्यांना कोण विचारतंय? अख्खी शीट मात्र सहसा दिसत नाही. शिवाय ग्रेडिंगवाले, म्हणजे कार्डाची स्थिती तपासून दहापैकी गुण देणारे, कडा बघतात, कारखान्यात कापलेलं वाटलं नाही तर चांगला ग्रेड विसर. होनस वॅगनर या जुन्या बेसबॉलपटूच्या टी२०६ मालिकेतल्या दुर्मिळ कार्डाचं माहितीये ना, १९९१ ला हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या संघाचा मालक ब्रूस मॅकनॉलने ४,५१,००० डॉलरला घेतलं, पीएसए या ग्रेडिंग कंपनीने ८ दिला, आणि २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने कोर्टात कबूल केलं की कडा मीच कापल्या होत्या. मधल्या काळात २००७ ला ते २८ लाख डॉलरला गेलं सुद्धा, पण ते वॅगनर होतं बाबा. तू कापलंसच तर निदान विकताना 'शीटमधून कापलेलं' असं लिही.

शुभाताई_इंदूर:
मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, आमच्या पोरांची बबलगममधली क्रिकेटची कार्डं मीच फेकली होती आणि अजून ऐकून घेते. पक्या, आधी वाळवीचं बघ. ते नळकांडं आजच घराबाहेर काढ, शीट ब्रशने हलक्या हाताने झाड, पाण्याचा हात लावू नकोस. इस्त्री तर मुळीच नको, शाई चकाकते. दोन कोऱ्या पुठ्ठ्यांमध्ये ठेवून वर वजन दे, महिनाभर.

सुदामानगरचा_पक्या:
बरं, नाही कापत. वाळवीचा कोपरा पण तसाच ठेवतोय. सध्या शीट दिवाणावर पुठ्ठ्यांमध्ये, वर दोन गाद्या, त्यावर आई, आणि रद्दीचं म्हणणं तिने स्वतःच मागे घेतलंय. राजवाड्याकडे एवढ्या मापाची काच बसवून देणारा फ्रेमवाला कोणी आहे का?