मदत हवी आहे: मायक्रोकॅलोरीमीटरचं बॅकग्राउंड जुळत नाही (तातडीचं!)

झिरोकेल्विन
जिअँट-४मध्ये (कणांचा पदार्थातून होणारा प्रवास मांडणारं सॉफ्टवेअर) टीईएस ॲरेचं सिम्युलेशन करतोय. मायक्रोकॅलोरीमीटरच तो, एक्स-रेनं होणारी सूक्ष्म तापमानवाढ मोजणारा. कॉस्मिक प्रोटॉनचा स्पेक्ट्रम टाकला, खालच्या सिलिकॉन डिटेक्टरचा व्हेटो लावला (दोन्हीत एकदम नोंद झाली तर ती बाद), तरी २ ते १० केईव्हीमधलं (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) बॅकग्राउंड, म्हणजे कणांमुळे होणाऱ्या खोट्या नोंदी, पेपरातल्या आकड्याशी जुळत नाही. जवळजवळ दसपट फरक. उद्या गाइडला दाखवायचंय. 'मॅन्युअल वाचा' सांगू नका, वाचलंय.

रात्रपाळी
दुर्बीण कोणती? कक्षा कोणती? क्रिझम या एक्स-रे दुर्बिणीसारखी पृथ्वीलगत असेल तर चुंबकीय क्षेत्र बरेच प्रोटॉन परस्पर वळवतं. एल-१, एल-२ या लाखो किलोमीटर दूरच्या बिंदूंवर ती सोय नाही. भोवती कवच कशाचं धरलंय?

जस्ताचा_डबा
शिसं वाढवा. आमच्या लॅबमध्ये जर्मेनियम डिटेक्टरभोवती शिशाच्या विटा रचल्यात, बॅकग्राउंड गपगार.

रात्रपाळी
अहो, ते जमिनीवर, भिंतीतल्या गॅमा किरणांसाठी. जीईव्हीतला (केईव्हीच्या दहा लाखपट) प्रोटॉन शिशाला भीक घालत नाही, उलट आत सेकंडरी कणांचा सडा पाडतो. आणि त्या विटा रॉकेटवर चढवणार कोण?

जुना_खगोली
मी ॲस्ट्रोसॅटच्या एसएक्सटी या एक्स-रे दुर्बिणीचा डेटा हाताळलाय. तिच्या सीसीडीत (कॅमेऱ्यासारखी चिप) प्रोटॉनचा ओरखडा बऱ्याच पिक्सेलवर पसरतो, ग्रेड (पिक्सेलच्या नक्षीवरून चाळणी) लावला की गाळला जातो. तेच करा.

झिरोकेल्विन
काका, हा सीसीडी नाही. ५० मिलिकेल्विनच्या आसपास तापमानातली वाढ मोजतो. प्रोटॉन पातळ ॲब्सॉर्बरमधून (एक्स-रे शोषणारा थर) आरपार गेला की काही केईव्हीच सोडतो, पल्स थेट एक्स-रेसारखा. ओरखडा वगैरे काही नाही. तोच प्रोटॉन खालच्या जाड सिलिकॉनमध्ये शंभराच्या वर केईव्ही सोडतो, म्हणून व्हेटो.
कक्षा एल-१, न्यूअथेना या नियोजित एक्स-रे दुर्बिणीचं एक्स-आयएफयू उपकरण. टीईएस म्हटल्यावर दुसरं काय असणार?

बोलोबुवा
प्लँक उपग्रहाच्या एचएफआय उपकरणाची आठवण झाली. १०० मिलिकेल्विनचे बोलोमीटर (तेही उष्णताच मोजणारे), प्रत्येकात सेकंदाला साधारण एक ग्लिच, म्हणजे खोटा पल्स! बहुतेक मार किरण टिपणाऱ्या जाळीवर नव्हे, सिलिकॉनच्या चौकटीवर बसायचा. तुमच्याही चौकटीतली उष्णता पाझरत असणार.

रात्रपाळी
त्याने एनर्जी रिझोल्यूशन बिघडतं, खरंय. पण जिअँट-४ उष्णता वाहून नेत नाही हो, त्यामुळे यांच्या आकड्यात ती येणारच नाही.

निम्माशिम्मा
अवांतर: २०१६ला हितोमी उपग्रह गेला तो कॉस्मिक रेमुळेच का?

बोलोबुवा
छे. दिशा सांभाळणारी यंत्रणा गंडली, गरगर फिरून तुकडे झाले. त्यावरचा कॅलोरीमीटर बिचारा उत्तम चालला होता.

जस्ताचा_डबा
शिसं नको तर कॅप्टॉनचं (प्लास्टिकची फिल्म) अस्तर लावा. एक्स-आयएफयूच्या डिझाइनमध्ये आहेच. भोवतालच्या नायोबियम धातूच्या कवचातून सुटणारे इलेक्ट्रॉन अडवतं, बॅकग्राउंड उतरतं.

झिरोकेल्विन
अहो, उतरवायचं कुणाला आहे? माझंच दसपट कमी येतंय! पाच गुणिले दहाचा उणे तिसरा घात, प्रति चौ. सेंमी, प्रति सेकंद, प्रति केईव्ही ही मर्यादा. मी तिच्याही कितीतरी खाली आहे. गाइड म्हणतात, शक्यच नाही.

रात्रपाळी
हे आधी सांगायचं ना राव! सगळे कवचं शिवत बसले.
प्रॉडक्शन कट (याहून कमी पल्ल्याचे दुय्यम कण जिअँट-४ वेगळे धरत नाही) किती? न बदलल्यास ०.७ मिमी असतो. नायोबियममध्ये याचा अर्थ, शेकडो केईव्हीच्या खालचे डेल्टा इलेक्ट्रॉन (प्रोटॉनच्या धक्क्यानं उडालेले) सुटे जन्मालाच येत नाहीत, ऊर्जा जागच्या जागी जिरवली जाते. आणि व्हेटोनंतर उरतं ते मुख्यतः त्यांचंच: पृष्ठभागातून सुटतात, ॲब्सॉर्बरला चाटून परत फिरतात, सिलिकॉनपर्यंत पोचतच नाहीत.

झिरोकेल्विन
कटला हात लावला नव्हता. आता एक मायक्रॉन केला तर रन रांगतोय.

रात्रपाळी
सगळीकडे नको. रीजन (बारीक कटचा वेगळा भाग) करा: ॲब्सॉर्बर आणि त्याला दिसणारे पृष्ठभाग, बस. फिजिक्स लिस्ट (भौतिक प्रक्रियांचा संच) कोणती?

झिरोकेल्विन
क्यूजीएसपी_बर्ट.

रात्रपाळी
क्यूजीएसपी_बर्ट_ईएमझेड घ्या. साध्या लिस्टवर परत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनचा हिशेब भरवशाचा नाही. आज रात्री थोडेच प्रोटॉन सोडून कल कुठे जातोय तेवढं बघा.