मदत हवी आहे: बीपीसाठी डार्क चॉकलेट, बाबांना खाऊ द्यावं का?

निमूट

नमस्कार मंडळी,

जाणकारांचा सल्ला हवा आहे. विषय वरवर गमतीचा वाटेल, पण घरात त्यावरून रोज रात्री खटके उडतायत.

बाबा ६८ वर्षांचे. बीपीची एक गोळी सहा वर्षांपासून चालू आहे आणि तिच्यावर ते साधारण १३५/८५ च्या आसपास असतं. डायबेटिस नाही. दोन महिन्यांपूर्वी त्यांना कुणीतरी फोनवर मेसेज पाठवला की डार्क चॉकलेट खा, रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, हृदय तरुण राहतं. जन्मभर चॉकलेटला 'पोरांचा खाऊ' म्हणून हिणवणारा हा माणूस तेव्हापासून रोज रात्री झोपायच्या आधी अर्धा बार, म्हणजे ५० ग्रॅम, सत्तर टक्केवालं चॉकलेट डोळे मिटून चघळतो. गंमत म्हणजे चव त्यांना अजिबात आवडत नाही. कडू आहे म्हणजे गुण येणारच, असं त्यांचं म्हणणं.

इथवर ठीक होतं. गेल्या आठवड्यात म्हणाले, "आता गोळी अर्धी करून बघतो." तिथे माझं धाबं दणाणलं.

तर, याने खरंच बीपी उतरतं का, आणि किती? रोज किती खाल्लं तर चालतं? ७०, ८५, ९० टक्के यात औषधी फरक काही असतो का?

अजून एक. याचा संबंध असेलच असं नाही, पण हल्ली त्यांना झोप नीट लागत नाही. रात्री छातीत जळजळतं म्हणून उठून बसतात. वयामुळे असेल, असं आई म्हणते.

आगाऊ धन्यवाद.

---

उंटावरचा_शहाणा

इतकी वर्षं बीपी आहे, मला कुणी हा उपाय सुचवला नाही! डॉक्टर बदलायला हवा. (हलके घ्या.)

गोळीला मात्र हात लावू देऊ नका. बाकी जाणकार सांगतीलच.

---

गोळीबंद

औषधशास्त्र शिकवण्यात हयात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेसेज अगदीच हवेतला नाही, हे आधी कबूल करते. कोकोच्या बियांमध्ये फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्यं असतात, त्यातलं मुख्य एपिकॅटेचिन. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होतं, वाहिनी सैलावते आणि दाब थोडा उतरतो. हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

या कुतूहलाला जोर आला तो पनामाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर राहणाऱ्या कुना लोकांमुळे. त्यांच्यात वय वाढलं तरी बीपी फारसं वाढत नव्हतं, आणि हीच माणसं शहरात राहायला गेली की वाढायचं. हार्वर्डचे नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी शोध घेतला, तर बेटावरची मंडळी कोकोचं पेय भरपूर पीत होती. आता बेटावरचं आणि शहरातलं आयुष्य फक्त कोकोनेच वेगळं नव्हतं, हे उघड आहे. पण धागा तिथून हाती लागला.

आता 'किती?' हा तुमचा खरा प्रश्न. कॉक्रेन ही वैद्यकीय प्रयोगांचे निकाल एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या २०१७ च्या आढाव्यात ३५ प्रयोग एकत्र तपासले होते. सरासरी घट निघाली २ मिमीपेक्षाही थोडी कमी. ज्यांचं बीपी आधीच वाढलेलं होतं त्यांच्यात ती जास्त होती. बहुतेक प्रयोग काही आठवड्यांचेच, आणि रोजचं फ्लॅव्हनॉल सरासरी ६७० मिलिग्रॅम. बीपीची एक साधी गोळी नेहमीच्या डोसमध्ये वरचा आकडा ८-१० ने खाली आणते. बाबांसमोर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा. ज्या गोळीमुळे त्यांचं बीपी १३५ वर आहे, तीच अर्धी करून चॉकलेट जिंकलं म्हणायचं, हा हिशोब जमत नाही.

सगळ्यात मोठी चाचणी कॉसमॉस नावाची, अमेरिकेत झालेली, निकाल २०२२ मध्ये आले. २१,४४२ वयस्कर माणसं, निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल, निम्म्यांना खोटी गोळी, साडेतीन वर्षांहून जास्त काळ. हृदयविकाराच्या एकूण घटनांमध्ये ठामपणे सांगता येईल असा फरक पडला नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी दिसले. मेसेज लिहिणारे नेमका हा दुसरा आकडा उचलतात. पण चाचणी बेतली होती पहिल्या प्रश्नासाठी, आणि खर्चाचा मोठा वाटा एका चॉकलेट कंपनीचा होता. मुख्य म्हणजे कुणी चॉकलेट खाल्लंच नव्हतं, कॅप्सूल घेतल्या होत्या! साखर नाही, चरबी नाही.

---

कडूगोड

मी चॉकलेट बनवतो, छोट्या प्रमाणावर, बीपासून बारपर्यंत. तेव्हा टक्क्यांबद्दल बोलायचा अधिकार घेतो.

७० टक्के म्हणजे बारच्या वजनातला ७० टक्के भाग कोकोच्या बीमधून आला, दळलेला गर आणि कोको बटर मिळून. उरलेली बहुतेक साखर. या आकड्यात फ्लॅव्हनॉल किती, याचा पत्ता नसतो. दोन सत्तर टक्केवाल्या बारमध्ये ते कितीतरी पटींनी वेगळं असू शकतं. एकाने बटर जास्त घातलं, दुसऱ्याने गर जास्त घातला, तरी पाकिटावर ७०च.

आणि आमचा सगळा धंदा फ्लॅव्हनॉल घालवण्याचाच आहे, असं म्हटलं तरी चालेल. ताजी बी इतकी कडू-तुरट असते की तोंडात धरवत नाही. हा तुरटपणाच मुळात फ्लॅव्हनॉलचा. आम्ही बी काही दिवस आंबवतो, वाळवतो, भाजतो. प्रत्येक पायरीला चव येते आणि 'औषध' जातं.

सगळ्यात मोठा घाव अल्कलीचा. एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्सच्या व्हान हाउटन यांनी कोकोवर अल्कलीची प्रक्रिया सुरू केली, म्हणून तिला डच प्रक्रिया म्हणतात. रंग गडद होतो, आंबटपणा जातो, पावडर दुधापाण्यात चांगली मिसळते. पण साध्या कोको पावडरमध्ये ग्रॅममागे साधारण ३५ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल मोजलंय, आणि जबर अल्कली दिलेल्या पावडरमध्ये ४. काळंभोर दिसतं ते जास्त गुणकारी, हा समज त्यामुळे बहुतेक वेळा उलटा पडतो. घटकांच्या यादीत 'अल्कली प्रक्रिया केलेला कोको' किंवा 'आम्लता नियंत्रक' आणि पुढे ५००-५०१ असे आकडे दिसले, तर समजून जा.

अवांतर: बाबांना कडूपणाच हवा असेल तर साखर न घातलेली साधी कोको पावडर कोमट दुधात चमचाभर. स्वस्तात कडू.

---

मधली_सुट्टी

इतके आकडे कशाला? मी वर्षभर रोज दोन तुकडे खातोय आणि माझं वरचं बीपी १४८ वरून १३२ वर आलंय. अनुभवापुढे काय असतं?

---

गोळीबंद

@मधली_सुट्टी, अभिनंदन. त्या वर्षात आणखी काही बदललं का?

---

मधली_सुट्टी

सकाळी पाऊण तास चालायला लागलो. सात किलो वजन उतरलं. बरं बरं, कळलं.

---

उंटावरचा_शहाणा

😄

---

आडवाटेचा

एक बाजू कुणी मांडली नाही, म्हणून लिहितो. कोकोचं झाड मुळांतून जमिनीतलं कॅडमियम, म्हणजे एक विषारी धातू, ओढून घेतं आणि ते बीमध्ये साठतं. शिसं वेगळ्या वाटेने येतं. बी उघड्यावर वाळत असताना त्यावर बसणाऱ्या धुळीतून. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेने २८ डार्क चॉकलेटं तपासली, सगळ्यांत दोन्ही धातू सापडले. त्यातल्या २३ बारपैकी कोणताही रोज २८ ग्रॅम खाल्ला, तर दोनपैकी निदान एका धातूची त्यांनी धरलेली मर्यादा ओलांडली जात होती. ती मर्यादा कॅलिफोर्नियाची, बरीच कडक आहे, हे खरं. पण युरोपाचा नियम घेऊनही हिशोब करून बघा. ५० टक्के आणि त्याहून जास्त कोको असलेल्या चॉकलेटला तिथे किलोमागे ०.८ मिलिग्रॅम कॅडमियम चालतं. बाबांचा बार या रेषेवरचा असेल तर ५० ग्रॅममधून ४० मायक्रोग्रॅम. ७० किलोच्या माणसाला युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने आठवड्याला जेवढं सहन होईल म्हटलंय, ते रोजचं काढलं तर २५ येतं. प्रत्येक बार इतका वाईट नसतो, पण टक्के चढले की हेही सोबत चढतं. 'नव्वद टक्केवालं आणतो' म्हणायच्या आधी हे बघा.

कधीमधी खाल्लं तर याची चिंता करायचं कारण नाही. ब्रँड बदलत राहावं. गरोदर बायका आणि लहान मुलांनी मात्र रोजची सवय लावू नये.

---

गोळीबंद

निमूट, तुमच्या पोस्टमधल्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल आधीच लिहायला हवं होतं, राहून गेलं. तुम्ही म्हणता संबंध नसेल, मला तर तिथेच सगळ्यात जास्त संबंध दिसतो.

गडद चॉकलेटच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ८० मिलिग्रॅम कॅफीन आणि ८०० च्या आसपास थिओब्रोमिन (कॅफीनचंच सौम्य भावंड) असतं. बाबा त्याच्या निम्मं घेतायत, तेही अंथरुणात शिरताना. उतारवयात एवढं कॅफीनही झोप खाऊ शकतं. शिवाय चॉकलेटने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते, त्यात ते चरबीने भरलेलं, पोटात रेंगाळणारं. खाऊन लगेच आडवं झालं की आम्ल वर येणारच.

तरीही ६८ व्या वर्षी, बीपी असताना, छातीतली जळजळ 'चॉकलेटची असेल' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. आणि चालताना छाती भरून येणं, घाम, हात किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं असं काही झालं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

५० ग्रॅममध्ये सुमारे ३०० कॅलरी आणि १२ ग्रॅम साखर. संपृक्त चरबीही १२ ग्रॅम. त्यातला बराच भाग स्टिअरिक आम्लाचा, जो कोलेस्टेरॉल फारसं वाढवत नाही, पण कॅलरी तर पोटात जातातच. दोन महिन्यांत वजन वाढलंय का बघा. वाढलेल्या दोन-तीन किलोंनी फ्लॅव्हनॉलची सगळी कमाई खाऊन टाकली असेल.

---

निमूट

सगळ्यांचे मनापासून आभार. वजन केलं, अडीच किलो वाढलंय.

एक सांगायचं राहिलं होतं. आई वाचता वाचता मागून म्हणाली, "मुतखड्याचं लिहिलंस का?" बाबांना चार वर्षांपूर्वी खडा झाला होता, कॅल्शियम ऑक्झलेटचा. त्याचा काही संबंध?

---

गोळीबंद

आहे! कोकोमध्ये ऑक्झलेट भरपूर असतं. असा खडा एकदा झालेल्या माणसाने रोज ५० ग्रॅम डार्क चॉकलेट खाणं म्हणजे पाहुण्याला परत बोलावणं. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

---

कडूगोड

मग माझा कोको पावडरचा सल्लाही मागे घेतो. पावडरमध्ये ते आणखी दाट असतं.

एक भर घालतो. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध प्रशासनाने) २०२३ मध्ये कोको आणि हृदयविकाराबद्दल मर्यादित दावा छापायला परवानगी दिली, ती निदान ४ टक्के फ्लॅव्हनॉल टिकवलेल्या खास पावडरपुरती. पुरावा फार थोडा आहे, हे त्याच वाक्यात लिहायच्या अटीवर. साध्या चॉकलेटला ती लागू नाही. धंदा माझा असूनही सांगतो, आमच्या बारवर 'हृदयासाठी' लिहायला मला लाज वाटेल. चव बघून घ्या, चवीसाठी खा.

---

निमूट

दहा दिवसांनी अपडेट द्यायला आले.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळी आहे तशीच. ईसीजी काढला, ठीक आहे. त्यांनीही पहिला प्रश्न विचारला तो रात्री झोपताना काय खाता हाच. खड्याचा इतिहास ऐकून रोजचं चॉकलेट बंद करायला सांगितलं. कधीतरी एखादा तुकडा, तोही दुपारी जेवणानंतर, आणि पाणी भरपूर. जळजळ चौथ्या दिवसापासून जवळपास गेली, झोपही सुधारली. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय, तोवर घरी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहायचं आहे.

गोळीबंद ताईंचे दोन्ही आकडे मी खरंच कागदावर लिहून बाबांसमोर ठेवले होते. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे हे औषध नाहीच?" म्हटलं, नाही. "मग दोन महिने मला एवढं कडू कशाला खायला लावलंत?"

आम्ही!