विकत घेतलेल्या सीडीला कुलूप: लोकांचा राग कशावर होता?

शेवटचा_ट्रॅक
परवा घर आवरताना सीड्यांचा खोका सापडला. त्यात २००३ साली लंडनला नोकरीला असताना घेतलेली एक इंग्रजी गाण्यांची सीडी होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. पाकिटाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय की ही सीडी काही प्लेअरवर, विशेषतः गाडीतल्या, वाजणार नाही. गाडीच्या प्लेअरने ती तिसऱ्यांदा बाहेर टाकली तेव्हा कुठे मी ते वाचलं. दुकानात परत घेऊन गेलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, वरचं प्लास्टिक फोडलंय, आता परत घेता येणार नाही. तेरा पौंड गेले. सोमवारी ऑफिसातल्या मित्राने त्याच अल्बमची कोऱ्या सीडीवर काढलेली कॉपी हातात ठेवली, वर निळ्या पेनाने नाव खरडलेलं. ती पहिल्याच फटक्यात वाजली.

कॉपी काढता येऊ नये म्हणून कंपन्या सीडीला असं कुलूप घालायच्या, म्हणजे कॉपी प्रोटेक्शन. त्यावर त्या काळात जो गदारोळ झाला, त्याबद्दल आजही म्हणतात की लोकांना सगळं फुकट हवं होतं, म्हणून ओरडले. मला हे अजिबात पटत नाही. ओरडले ते पैसे मोजणारे. ज्याला फुकट हवं होतं, त्याला नॅपस्टरनंतर, म्हणजे इंटरनेटवर गाण्यांची फुकट देवाणघेवाण सुरू झाल्यावर, काहीच अडचण नव्हती.

सगळ्यात वाईट प्रकार २००५ चा, सोनी बीएमजी या संगीत कंपनीचा. त्यांच्या सुमारे पन्नास अल्बमवर एक्ससीपी नावाचं कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर होतं. सीडी विंडोजवाल्या कॉम्प्युटरमध्ये घातली, करारावर 'मान्य' केलं, की प्लेअरबरोबर आणखी एक गोष्ट गुपचूप आत जायची: रूटकिट, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये फाइली लपवून ठेवणारं सॉफ्टवेअर. ज्या फाइलचं नाव डॉलर-सिस-डॉलरने सुरू होईल, ती मालकालाही दिसेनाशी व्हायची. ३१ ऑक्टोबरला विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी हे उघडकीस आणलं. ते स्वतः सीडी विकत घेणाऱ्यांपैकीच. दहा-बारा दिवसांत व्हायरस लिहिणारे त्याच आडोशाला लपू लागले. आणि कंपनीचे बडे अधिकारी थॉमस हेसे रेडिओवर म्हणाले की बहुतेक लोकांना रूटकिट म्हणजे काय तेच माहीत नसतं, मग त्यांनी काळजी कशाला करायची! हे वाक्य मी विसरू शकत नाही.

रीळ
असहमत. तुम्ही गिऱ्हाईक होतात, मी दुसऱ्या बाजूचा.

माझ्या मामांनी १९९९ मध्ये पदरचे पैसे घालून भावगीतांची कॅसेट काढली. हजार नग. मामीच्या पाटल्या मोडल्या होत्या त्यासाठी. चार महिन्यांनी सांगलीच्या एसटी स्टँडवर एका टपरीत तीच कॅसेट पंधरा रुपयांना. कव्हर झेरॉक्सचं, मामांचा चेहरा काळा ठिक्कर, वादकांची नावं गायब. मामा भांडले नाहीत. पंधरा रुपये देऊन त्यांनी ती विकत घेतली आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मी तेव्हा कॉलेजात होतो, शेजारच्या सीटवर बसलेलो.

नंतर फुटपाथवर एमपीथ्रीच्या सीड्या आल्या, एकीत दीडशे गाणी. तेव्हा कुणी कुलूप लावायचा प्रयत्न केला, तर मी त्याला दोष देणार नाही.

एकच_बिट
कुलूप लावता येणंच शक्य नव्हतं, हा खरा मुद्दा आहे. ऑडिओ सीडीचं प्रमाण फिलिप्स आणि सोनीने १९८० मध्ये ठरवलं, विक्री १९८२ ला सुरू झाली. घरोघरी कॉम्प्युटर नव्हते, त्यामुळे आवाजाचे आकडे उघडेच ठेवले: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा. पुढे कुलूप घालायचं तर जगातले सगळे प्लेअर बाद करावे लागले असते. मग उपाय काय काढला? सीडी मुद्दाम थोडी बिघडवायची. बाहेरच्या कडेला एक खोटा डेटा ट्रॅक ठेवायचा, म्हणजे कॉम्प्युटरचा ड्राइव्ह गोंधळेल आणि साधा प्लेअर गोंधळणार नाही. पण गाड्यांतल्या बऱ्याच प्लेअरमध्ये कॉम्प्युटरसारखाच ड्राइव्ह असायचा. तुमचे तेरा पौंड तिथे गेले.

२००२ मध्ये लोकांनी शोधलं की कडेचा तो पट्टा काळ्या मार्करने रंगवला की काम झालं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ॲलेक्स हॉल्डरमन या विद्यार्थ्याने दाखवलं की सीडी आत घालताना शिफ्ट दाबून धरलं तर मीडियामॅक्स हे कुलूप सुरूच होत नाही. ते बनवणाऱ्या सनकॉम कंपनीने त्याला कोर्टाची धमकी दिली, मग मागे घेतली. खुद्द फिलिप्सने सांगितलं होतं की असल्या चकत्यांवर कॉम्पॅक्ट डिस्कचा शिक्का छापू नका.

रीळ
मार्करने उघडतं म्हणून कुलूप लावूच नये? आमच्या वाड्याच्या दाराची कडी पट्टीने निघायची. तरी रात्री लावायचो. आपलं घर आहे, आत कुणी येऊ नये, एवढं ती सांगायची.

शेवटचा_ट्रॅक
कडी तुमच्या दाराला होती, रीळ. इथे कंपनीने माझ्या घराच्या माळ्यावर माणूस लपवून बसवला. तो खाली उतरवायला जे सॉफ्टवेअर दिलं, त्यानेही आणखी एक खिंडार पडलं. हॉल्डरमन आणि प्रिन्स्टनचेच प्राध्यापक फेल्टन यांनी तेही दाखवून दिलं. मीडियामॅक्स तर करार 'अमान्य' केला तरी काही फाइली ठेवून जायचं. 'नाही' म्हटल्यावरही आत येणं, याला तुम्ही काय म्हणाल?

मामांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण एसटी स्टँडवरच्या टपरीवाल्याला असल्या कुलपाने काय फरक पडला असता? तो एका टेपवरून दुसऱ्या टेपवर भरत होता.

गवती_चहा
+१. कलावंतांनाही हे नको होतं. स्विचफूट बँडच्या टिम फोरमन यांनी तर त्याच २००५ मध्ये आपल्याच सीडीचं कुलूप कसं टाळायचं, ते चाहत्यांना लिहून सांगितलं होतं. ज्याचं गाणं, त्यालाच आपल्या श्रोत्यांसमोर लाज वाटावी अशी वेळ आणली.

कलम_कागद
कायद्याचं थोडं. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्यामुळे कुलूप तोडणं हाच गुन्हा होऊ शकतो. त्या धास्तीने प्रिन्स्टनच्या लोकांना एक्ससीपीचा घोळ आधी कळूनही ते वकिलांशी बोलत थांबले होते, आणि तेवढे दिवस लोकांचे कॉम्प्युटर उघडे राहिले. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ कलम आलं. त्यात हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तरच शिक्षा, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हा 'हेतू' शब्द मला फार मोलाचा वाटतो. रीळ, तो टपरीवाला यात अडकतो, गाडीत गाणं ऐकणारा माणूस अडकत नाही.

रीळ
वाचायला बरं वाटतं. आमच्या पोलीस ठाण्यात १९९९ ला तक्रारही लिहून घेतली नव्हती. कायदा तेव्हाही होताच ना?

आणि एक सांगा. तुम्ही सगळे आज दरमहा पैसे भरून फोनवर गाणी ऐकता. ती डाउनलोड केली तरी दुसऱ्याला देता येत नाहीत, पैसे थांबवले की बंद. सीडीवरच्या कुलपापेक्षा हे कितीतरी पक्कं. त्यावर कुणी ओरडत नाही. म्हणजे तेव्हाचा राग तत्त्वाचा नव्हता, गैरसोयीचा होता.

गवती_चहा
यावर माझ्याकडे उत्तर नाही. मुलीने जपलेल्या यादीतली अकरा गाणी एका सकाळी करडी झाली, दाबली तरी वाजेनात. आम्ही दोघींनी फक्त दुसरी शोधली.

शेवटचा_ट्रॅक
रीळ, अर्धं मान्य. पण इथे मला आधीच माहीत असतं की हे भाड्याचं घर आहे. ती सीडी मी विकत घेतली होती. विकत म्हणजे माझी: धाकट्या भावाला देईन, गाडीत लावीन, वीस वर्षांनी खोक्यातून काढीन. एक्ससीपीवाल्या सीड्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या, टेक्सास राज्याने खटला भरला, २००७ मध्ये अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने कॉम्प्युटर दुरुस्तीचे दीडशे डॉलरपर्यंत द्यायला लावले. नुसत्या गैरसोयीसाठी एवढं होत नाही.

रीळ
बरोबर. तुमच्या माळ्यावरचा माणूस खाली आला, वर दुरुस्तीचे पैसे मिळाले. आमच्या माळ्यावर त्या हजारातल्या सहाशे कॅसेट अजून आहेत, खोक्यांसकट. मामा गेले २०११ ला. मामी ते खोके हलवू देत नाही.

शेवटचा_ट्रॅक
माझा टेप अजून चालू आहे. दोन कॅसेट मला हव्या आहेत, छापील किमतीला नाही, मामी सांगतील त्या किमतीला. पत्ता व्यक्तिगत निरोपाने पाठवतो.

एकच_बिट
मलाही एक. आणि मामींची हरकत नसेल तर कव्हरवरची वादकांची नावं इथे टाका.