'ऋण प्रबलन' म्हणजे शिक्षा नव्हे, मग म्हणायचं काय?

खलबत्ता
अमेरिकेतल्या एमकॅटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या, मानसशास्त्र-समाजशास्त्र भागासाठी मराठीत उजळणीचे पत्ते करायचे आहेत. पुढे संज्ञा, मागे दोन ओळींत अर्थ. घरातल्या मोठ्यांनी विचारायचं, मुलांनी उत्तर द्यायचं, असा बेत. 'निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट'साठी पाठ्यपुस्तकी शब्द 'ऋण प्रबलन'. तो वाचून दहातले आठ जण 'म्हणजे शिक्षा' असं सांगतात आणि चुकतात. शिक्षेने वर्तन घटतं, ऋण प्रबलनाने वाढतं. पट्टा लावला की गाडीची टिणटिण थांबते, म्हणून माणूस पुढच्या वेळी पट्टा आधी लावतो. हे शब्दातच दिसेल असं काही आहे का?

पाटीपेन्सिल
शब्दाला दोष देण्याआधी मानसशास्त्रज्ञ स्किनरला द्या. १९३८च्या पुस्तकात त्याने ही संज्ञा आज आपण जिला शिक्षा म्हणतो त्या अर्थाने वापरली होती. आजचा अर्थ त्याने १९५३च्या पुस्तकात घेतला. जनकच घसरला तिथे मराठीने का लाजावं?

सायसाखर
परीक्षा इंग्रजीत आहे ना? मग 'निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट' देवनागरीत लिहा आणि मोकळे व्हा. ५९ प्रश्न, ९५ मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिटाला किंचित जास्त. त्यात उताराही वाचायचा. हा भाग दिवसातला चौथा आणि शेवटचा, तोवर डोकं शिणलेलं. तिथे मराठी आठवून उलटा अनुवाद कोण करणार?

पाटीपेन्सिल
लिप्यंतराने घोळ सुटत नाही, उलट वाढतो. मराठीत 'निगेटिव्ह' म्हणजे वाईट: 'एवढं निगेटिव्ह बोलू नकोस'. आणि त्याच घरात 'रिपोर्ट निगेटिव्ह आला' म्हणून पेढे वाटतात. एमकॅटला हवा तो अर्थ या दोन्हींत नाही. तिथे फक्त वजाबाकी आहे: काहीतरी काढून घेतलं.

उंबरठा
म्हणून 'उणे प्रबलन'. ऋण म्हटलं की कर्ज आठवतं.

कोकणकडा
'उणे' म्हटलं की उणीदुणी आठवतात, त्याचं काय? आणि धन-ऋण जोडीची खरी गंमत शिक्षेच्या रांगेत आहे. 'धन शिक्षा' म्हणजे नको ती गोष्ट वाढवून दिली: ओरडा, छडी, जादा गृहपाठ. 'ऋण शिक्षा' म्हणजे हवी ती काढून घेतली: फोन, खेळायची सुट्टी. आता सिग्नल तोडला आणि चलान भरलं, ही कुठली? पैसे गेले, म्हणजे ऋण शिक्षा. पण मराठी कान 'धन शिक्षा' ऐकला की नेमका आर्थिक दंडच समजतो! पत्त्यावर लिहाल तर पोरं उलटं पाठ करतील.

खलबत्ता
हे लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे धन-ऋण प्रबलन आणि धन-ऋण शिक्षा, या चारही चौकटींचे शब्द बदलायला हवेत.

उंबरठा
मुळात 'शिक्षा' हा शब्दच बघा. धातू 'शिक्ष्', अर्थ शिकणे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, वेदांगातली शिक्षा म्हणजे उच्चारशास्त्र, आणि आपण मराठी लोकांनी तिच्या हातात छडी दिली. 'धडा शिकवला' हेही तसलंच. शिकणं आणि मार खाणं आपल्या भाषेत एकाच घरात नांदतात, म्हणून हा गोंधळ.

सायसाखर
व्युत्पत्ती छान, पण गुण किती? या भागाचे गुण ११८ ते १३२च्या दरम्यानच मिळतात.

कोकणकडा
गुण क्रमात आहेत, तोही पत्त्यावर लिहा. पहिलं, वर्तन कोणाचं? दुसरं, ते पुढे वाढलं की घटलं? तिसरं, काही दिलं की काढलं? 'बरं वाटलं की वाईट' इथून सुरुवात केली की चूक ठरलेली. दुकानात पोर भोकाड पसरतं, आई चॉकलेट देते, रडणं थांबतं. पोराच्या रडण्याला धन प्रबलन मिळालं, कारण चॉकलेट आलं. आईच्या चॉकलेट देण्याला ऋण प्रबलन, कारण कटकट गेली. प्रसंग एकच, उत्तरं दोन. प्रश्नात 'आईचं वर्तन' हे दोन शब्द निसटले की संपलं.

पाटीपेन्सिल
शिवाय ऋण प्रबलनाच्या पोटात दोन प्रकार आहेत. त्रास सुरू झाल्यावर सुटका करून घेणं ते पलायन, त्रास सुरूच होऊ न देणं ते परिहार. टिणटिण ऐकून पट्टा लावला तर पलायन, किल्ली फिरवण्याआधी लावला तर परिहार.

उंबरठा
मग मूळ शब्दच 'पीडाहरण' करा! इडापिडा टळो. पीडा टळते, म्हणून माणूस तेच पुन्हा करतो.

सायसाखर
आणि सरकारी 'पीडाहरण' विभाग कधी उघडताय? असले संस्कृत डोंगर कोणी चढत नाही. 'कंडिशनिंग'साठी, म्हणजे सवय जडवून शिकवण्यासाठी, 'अभिसंधान' आधीच आहे. संस्कृत कोशात त्याचा एक अर्थ फसवणूक!

कोकणकडा
घंटेनंतर मांस मिळतं याची सवय शास्त्रज्ञ पावलॉव्हने ज्याला लावली, त्या कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर चुकीचा नाही. घंटा झाली, लाळ आली, मांस नाही.

पाटीपेन्सिल
शुद्ध-अशुद्ध सोडा, शब्द एकमेकांपासून वेगळे ऐकू येतात का ते बघा. समाजशास्त्रात जन्माने मिळालेला दर्जा 'अर्पित' आणि कमावलेला 'अर्जित'. एका अक्षराचा फरक, मोठ्याने विचारताना हमखास अडकणार. तिथे सरळ 'जन्मजात' आणि 'कमावलेला' लिहा. तसंच 'वेदन' आणि 'संवेदन'. इंद्रियाने टिपलं ते वेदन, मेंदूने अर्थ लावला ते संवेदन. हिंदीत 'संवेदना' म्हणजे इंद्रियांनी टिपलेलं, त्यामुळे हिंदी नोट्स सोबत असतील तर जोडी उलटी होते.

उंबरठा
रोजच्या मराठीत संवेदना म्हणजे शोकसभेतली. 'आमच्या संवेदना कुटुंबीयांसोबत.'

सायसाखर
एक 'डिस्क्रिमिनेशन' शब्द ठेवा, दोन्हीकडे चालतो.

पाटीपेन्सिल
तिथेच तर पडतात! या एकाच परीक्षेत त्याचे दोन अर्थ आहेत. शिकण्याच्या प्रकरणात दोन उद्दीपकांतला, म्हणजे प्रतिक्रिया घडवणाऱ्या गोष्टींतला, फरक ओळखणं, समाजशास्त्रात माणसांना भेदाने वागवणं. मराठीत 'भेद ओळखणे' आणि 'भेदभाव' आपोआप वेगळे पडतात. इथे मराठी इंग्रजीपेक्षा सरस आहे, मान्य करा.

सायसाखर
एवढंच मान्य.

खलबत्ता
पण पत्त्यावर लिहू काय? 'काढून-बळ' आणि 'देऊन-बळ', 'काढून-शिक्षा' आणि 'देऊन-शिक्षा' चालेल का?

उंबरठा
'काढून-बळ' म्हणजे बळ काढून घेतलं असं वाटतं. अशक्तपणा आल्यासारखं.

कोकणकडा
चालेल. चलानही बरोबर चौकटीत बसतं.

उंबरठा
चलान पुल्लिंगी की नपुंसकलिंगी हो? आमच्याकडे 'तो चलान'.