मदत हवी आहे: पाणंद रस्ता ओपनस्ट्रीटमॅपवर ट्रॅक की अनक्लासिफाइड?

मंडळी, आमच्या भागातली एक पाणंद ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) कशी नोंदवायची यात अडकलोय. डांबरी रस्त्यापासून आतल्या वस्तीपर्यंत ती जाते. मुरूम टाकलेला, मध्ये गवताची पट्टी, एका वेळी एकच ट्रॅक्टर जाईल एवढी रुंदी. उसाच्या ट्रॉल्या जातात, पण शाळेची मुलं आणि दूधवालेही रोज इथूनच जातात. वस्तीला दुसरा रस्ताच नाही.

सध्या हायवे=ट्रॅक, ट्रॅकटाइप=ग्रेड३ (मध्यम टणक वाट) असे टॅग, म्हणजे नकाशातल्या नोंदी, टाकलेत. कोणी ते बदलून अनक्लासिफाइड (गाव-वस्त्या जोडणारा छोटा सार्वजनिक रस्ता) करतं, मग दुसरा कोणी परत ट्रॅक. माझ्या समजुतीप्रमाणे ट्रॅक म्हणजे मुख्यतः शेती-जंगलाच्या कामाची वाट, आणि वस्तीचा एकमेव रस्ता त्यात बसत नाही. पण अनक्लासिफाइड केलं की वाट दाखवणारी राउटिंग ॲप पावसाळ्यातही मोटारी इकडे वळवणार, याची काळजी वाटते.

दुसरा पेच फाटकाचा. वस्तीच्या पुढे पाणंद एका शेतातून जाते, तिथे लोखंडी फाटक आहे. कुलूप नसतं, पाटी नाही, पायी जाणाऱ्याला कोणी अडवत नाही. बॅरिअर=गेट टाकलंय, ॲक्सेस (कोणाला जायची मुभा आहे ती नोंद) रिकामं ठेवलंय.

स्वतः चालून जीपीएस ट्रेस घेतलाय, उपग्रह चित्राशी जुळवलाय. गाव नकाशा किंवा गुगल मॅप्सवरून उतरवा असं कृपया सुचवू नका, परवान्याचा प्रश्न येतो.

तर वस्तीपर्यंत अनक्लासिफाइड ठेवून सरफेस (पृष्ठभाग कशाचा), स्मूदनेस (किती गुळगुळीत) आणि रुंदी नोंदवली तर पुरेल का? आणि फाटकापुढे ॲक्सेस=परमिसिव्ह (मालकाच्या मर्जीने खुलं) लावायचं, की मालकाला विचारल्याशिवाय काहीच लावू नये?